दुकान सोडल्यावर विकत घेतलेल्या ई-पुस्तकांचं काय होतं?

उत्तर आधीच सांगून टाकतो. एखाद्या दुकानातून नवीन पुस्तकं घेणं नुसतं थांबवलंत, तर जुनी पुस्तकं जागेवर राहतात. दरमहाची वर्गणी थांबवलीत, तर वर्गणीतली पुस्तकं जातात, विकत घेतलेली राहतात. खातंच बंद केलंत, तर आधी उतरवून घेतलेल्या आणि कुलूप (दुकानाबाहेर पुस्तक उघडू न देणारं डिजिटल बंधन) नसलेल्या फाइली तेवढ्या उरतात. आणि दुकानदारानेच शटर ओढलं, तर तो किती सभ्यपणे ओढतो यावर सगळं अवलंबून.

किंडल, गूगल प्ले बुक्स, कोबो किंवा एखाद्या मराठी अ‍ॅपवर नुकतीच पुस्तकं घेऊ लागलेल्यांसाठी हा लेख आहे. वीस-पंचवीस पुस्तकं जमली असतील तेव्हाच खालच्या गोष्टी उरकून टाका. दोन-तीनशे झाली की अख्खा रविवार लागतो, आणि तो रविवार काही उगवत नाही.

पैसे मोजून नेमकं काय मिळालं?

बटणावर ‘बाय’ लिहिलेलं असतं, करारात मात्र ‘लायसन्स’. किंडलच्या अटींत अ‍ॅमेझॉनने स्वच्छ लिहून ठेवलं आहे की मजकूर तुम्हाला विकलेला नाही, वाचायचा परवाना दिला आहे. मुंबईकरांना हे पागडीच्या खोलीवरून चटकन कळेल. रक्कम एकरकमी मोजली, तिथे संसार झाला, पण सातबारा म्हणा की प्रॉपर्टी कार्ड म्हणा, त्यावर नाव दुसऱ्याचंच. पागडीची खोली निदान मालकाचा वाटा देऊन दुसऱ्याला देता येते. ई-पुस्तकाचा परवाना तेवढाही सरकत नाही. नेदरलँड्समधल्या टॉम कॅबिनेट नावाच्या कंपनीने वाचून झालेली ई-पुस्तकं पुन्हा विकायचा धंदा मांडला होता. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने तो अडवला. छापील पुस्तक रद्दीवाल्याला किंवा मित्राला विकण्याचा जो हक्क असतो, तो ई-पुस्तकाला लागू नाही, असा निकाल आला.

आता निदान काही ठिकाणी हे उघडपणे सांगावं लागतं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की परवाना देत असाल तर नुसतं ‘बाय’ म्हणून गिऱ्हाइकाची समजूत चुकवायची नाही, हा परवाना आहे असं तिथेच लिहायचं. आपल्याकडे असं बंधन नाही, त्यामुळे अटींचं पान आपणच उघडायचं.

परवाना म्हणजे काय, याचा सगळ्यात गाजलेला धडा जुलै २००९ चा. जॉर्ज ऑरवेलच्या ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही आवृत्त्या किंडलच्या दुकानात अशा प्रकाशकाने चढवल्या होत्या ज्याच्याकडे अमेरिकेतले हक्कच नव्हते. हे लक्षात आल्यावर अ‍ॅमेझॉनने लोकांच्या हातातल्या किंडलमधून ती पुस्तकं परस्पर पुसली आणि पैसे परत केले. नेमकं सरकारी पाळतीविषयीचं पुस्तक असं गायब व्हावं, यावर जगभर चेष्टा झाली. एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी काढलेली टिपणं निरुपयोगी झाली म्हणून खटला भरला, आणि १,५०,००० डॉलरवर तडजोड झाली. अ‍ॅमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. तेव्हापासून असं सर्रास घडलेलं नाही, हेही सांगायला हवं. प्रकाशकाने एखादं पुस्तक विक्रीतून काढलं, तरी आधी घेतलेल्यांच्या लायब्ररीत ते सहसा राहतं आणि पुन्हा उतरवताही येतं. म्हणजे दुकानदार रोज उठून पुस्तकं पुसत बसलेला नाही. पण पुसण्याची सोय त्याच्या हातात आहे, तुमच्या नाही.

पायरी १: उधारीची पुस्तकं वेगळी काढा

नवख्या वाचकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. किंडल अनलिमिटेड ही अ‍ॅमेझॉनची दरमहाची वर्गणी घेतली की शेकडो मराठी पुस्तकांसमोर शून्य रुपये दिसतात, बोट लावलं की पुस्तक येतं, आणि ‘माझ्याकडे दीडशे पुस्तकं आहेत’ असं वाटू लागतं. ती तुमची नसतात, वाचनालयातून आणलेली असतात. वर्गणी थांबवली की भरलेल्या मुदतीच्या शेवटी ती रीडरमधून निघून जातात. अ‍ॅमेझॉन प्राइमच्या सभासदांना मिळणाऱ्या प्राइम रीडिंगचंही तेच. ऐकायची पुस्तकं देणाऱ्या स्टोरीटेलसारख्या वर्गणीच्या सेवांमध्येही वर्गणी संपली की कपाट बंद.

तपासायचं कसं? किंडलसाठी संगणकाच्या ब्राउझरमध्ये अ‍ॅमेझॉनच्या खात्यात जा, ‘मॅनेज युअर कंटेंट अँड डिव्हायसेस’ उघडा. फोनच्या अ‍ॅपमध्ये हे नीट दिसत नाही, संगणकच बरा. तिथे पुस्तकांच्या यादीत विकत घेतलेली, किंडल अनलिमिटेडची आणि तुम्ही स्वतः पाठवलेली कागदपत्रं वेगवेगळी गाळून बघता येतात. उधारीतलं एखादं पुस्तक कायमचं हवंच असेल, तर वर्गणी थांबवण्याआधी त्याची किंमत बघून वेगळं विकत घ्या. टिपणांची काळजी नको: तेच पुस्तक नंतर पुन्हा घेतलंत, तर जुन्या खुणा बहुधा परत दिसतात.

पायरी २: यादी आणि पावत्या

एका साध्या एक्सेल शीटमध्ये पुस्तकाचं नाव, लेखक, दुकान, खरेदीचं वर्ष, किंमत आणि ‘फाइल जवळ आहे का’ असा शेवटचा रकाना. बस्स. अ‍ॅमेझॉनवर ‘युअर ऑर्डर्स’मध्ये डिजिटल ऑर्डरींचा वेगळा टॅब आहे, गूगलवर पैसे भरल्याचा इतिहास मिळतो. पावत्यांच्या ईमेल एका फोल्डरमध्ये टाका. दुकान बंद पडून परतावा द्यायची वेळ आली, तर हाच कागद कामाला येतो.

पायरी ३: फाइल हातात येते का, ते दुकानागणिक बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रश्न एकच: दुकानाच्या अ‍ॅपबाहेर, इंटरनेट बंद असताना, कुणाचीही परवानगी न मागता पुस्तक उघडतं का?

*गूगल प्ले बुक्स.* मोठ्या दुकानांमध्ये मला हे त्यातल्या त्यात सरळ वाटतं. संगणकावर प्ले बुक्सच्या वेबसाइटवर ‘माय बुक्स’ उघडा. पुस्तकाच्या मुखपृष्ठाजवळ तीन उभे ठिपके असतात, त्यावर क्लिक करून ‘एक्सपोर्ट’ निवडा. ईपब (ई-पुस्तकांच्या फाइलचा नेहमीचा प्रकार) किंवा पीडीएफ, किंवा दोन्ही, असा पर्याय येईल. आता उतरलेल्या फाइलकडे नीट बघा. नावाच्या शेवटी ‘डॉट ईपब’ असेल आणि आकार काहीशे केबी किंवा काही एमबी असेल, तर ते खरंच पुस्तक आहे. शेवटी ‘डॉट एसीएसएम’ असेल आणि आकार जेमतेम काही केबी, तर हातात पुस्तक आलेलंच नाही. तो फक्त पुस्तक आणून देणारा परवाना आहे. अडोबी डिजिटल एडिशन्स या मोफत प्रोग्रॅममध्ये तो उघडला की मगच खरं पुस्तक उतरतं, आणि तेही कुलूपबंद. लोक ही इवलीशी फाइल पेन ड्राइव्हवर टाकून निर्धास्त होतात आणि चार वर्षांनी ती उघडत नाही म्हणून चिडतात.

अडोबीबाबत एक गोष्ट पाळाच: एसीएसएम उघडण्याआधी अडोबीचं खातं काढा आणि त्या खात्याने संगणक ‘ऑथोराइज’ करा. खात्याशिवायही चालू देण्याचा पर्याय तिथे दिसतो, घाईत तोच टिचकला जातो, आणि पुस्तक त्या एकाच संगणकाला चिकटून बसतं. हार्ड डिस्क गेली की पुस्तकही गेलं.

*कोबो.* इथेही वेबसाइटवरच्या ‘माय बुक्स’मधून फाइल उतरवता येते आणि बहुतेक वेळा एसीएसएमच हाती येते. कोबोची चांगली सवय अशी की विकत घेण्याआधीच पुस्तकाच्या पानावर तळाशी लिहिलेलं असतं: ‘अडोबी डीआरएम’ की ‘डीआरएम फ्री’. डीआरएम म्हणजे हेच डिजिटल कुलूप. ‘फ्री’ दिसलं की डोळे मिटून घ्या आणि लगेच उतरवून ठेवा.

*किंडल.* आधी इथेही एक वाट होती. खात्याच्या त्याच पानावर ‘डाउनलोड अँड ट्रान्सफर व्हाया यूएसबी’ असा पर्याय असायचा. फाइल संगणकावर यायची, मग केबलने किंडलमध्ये टाकायची. कुलूप तेव्हाही होतं, पण निदान फाइल जवळ असायची. २६ फेब्रुवारी २०२५ पासून अ‍ॅमेझॉनने तो पर्याय काढून टाकला. आता पुस्तक वायफायवरून थेट किंडलवर किंवा किंडलच्या अ‍ॅपमध्ये उतरतं. त्यामुळे किंडलवर घेतलेलं कुलूपबंद पुस्तक किंडलच्या घरातच नांदणार, हे गृहीत धरून पैसे खर्च करा. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून आहेत, तेव्हा पुष्कळ जुन्या गिऱ्हाइकांचा बराच साठा तिथे अडकलेला आहे.

काही प्रकाशक मात्र कुलूप लावतच नाहीत. पुस्तकाच्या माहितीत ‘सायमल्टेनियस डिव्हाइस युसेज: अनलिमिटेड’ असं दिसलं तर बहुधा ते बिनकुलपाचं असतं.

*अ‍ॅपल बुक्स.* परदेशात राहणाऱ्यांपैकी पुष्कळांचा साठा इथे असतो. कुलूपबंद पुस्तक आयफोन, आयपॅड आणि मॅकवरच उघडतं. पुढचा फोन अँड्रॉइड घेणार असाल, तर आत्ताच विचार करा.

*मराठी अ‍ॅप.* बुकगंगासारख्या दुकानांची ई-पुस्तकं त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये, तुमच्या लॉगिनवर उघडतात. मराठीतल्या कितीतरी पुस्तकांची ई-आवृत्ती अशा ठिकाणीच आहे, दुसरीकडे नाही, त्यामुळे ‘तिथून घेऊ नका’ असं सांगणं शहाणपणाचं नाही. मात्र घेण्याआधी दुकानाला ईमेलवर तीन प्रश्न विचारा: फाइल वेगळी मिळते का, किती उपकरणांवर चालते, आणि अ‍ॅप बंद झालं तर काय. उत्तर लेखी घ्या. फोनवर सगळेच ‘काही काळजी करू नका’ म्हणतात.

*प्रकाशकाकडून थेट.* काही जण पैसे भरल्यावर पीडीएफच ईमेलने पाठवतात, पानाच्या तळाशी तुमचं नाव किंवा ईमेल छापून. मला हा सगळ्यात माणुसकीचा मार्ग वाटतो. वाचकावर विश्वास आहे, आणि फाइल गावभर वाटलीत तर कुणी वाटली ते कळतंही.

पायरी ४: उतरवलेली फाइल उघडून बघा, आणि मराठी नीट दिसतं का ते बघा

फाइल उतरली म्हणजे काम झालं असं समजू नका. वायफाय बंद करा, दुकानाच्या अ‍ॅपऐवजी दुसऱ्या रीडरमध्ये पुस्तक उघडा. संगणकासाठी कॅलिबर हा मोफत प्रोग्रॅम उत्तम. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या रीडरसाठी म्हणून तो लिहायला घेतला, आज जगभर ई-पुस्तकांची कपाटं त्यावर लावलेली आहेत. कुलूपबंद पुस्तक कॅलिबर उघडत नाही, म्हणजे कुलूप आहे की नाही याची आपोआप परीक्षाही होते.

इंग्रजी पुस्तकाला इतकं पुरतं. मराठीला आणखी एक परीक्षा हवी. मधलं एखादं पान काढून ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हस्व’ असे शब्द शोधा. काही रीडर देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवत नाहीत. मग ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते, ‘क्ष’ आणि ‘श्र’ फुटतात. दुकानाच्या अ‍ॅपमध्ये स्वतःचा फॉन्ट असतो म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं, बाहेर आल्यावर उघडं पडतं. रीडरच्या सेटिंगमध्ये ‘पब्लिशर फॉन्ट’ किंवा एखादा युनिकोड (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतातला) देवनागरी फॉन्ट निवडला की बहुतेक वेळा दुरुस्त होतं.

जुन्या मराठी पीडीएफचं दुखणं वेगळं. त्या श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बनवलेल्या असतात. डोळ्यांना पान सुंदर दिसतं, पण शोध घेतला तर काहीच सापडत नाही आणि एखादं वाक्य कॉपी केलं तर इंग्रजी अक्षरांची भेळ हातात येते. अशा फाइलचा ईपब करण्याच्या नादी लागू नका. पीडीएफ म्हणूनच जपा, टॅबलेटवर वाचा.

पायरी ५: टिपणं आणि अधोरेखनं सोडवून घ्या

पुस्तक पुन्हा मिळेल, समासात लिहिलेलं मिळणार नाही. किंडल केबलने संगणकाला जोडलं की आत ‘माय क्लिपिंग्ज’ नावाची साधी टेक्स्ट फाइल दिसते. त्या उपकरणावर केलेल्या खुणा तारखेसकट तिथे असतात. उचलून संगणकावर ठेवा. फोनच्या अ‍ॅपमध्ये खुणा केल्या असतील तर त्या या फाइलमध्ये नसतात, त्यासाठी किंडलचं वेबवरचं ‘नोटबुक’ उघडा किंवा अ‍ॅपमधून पुस्तकागणिक ईमेल करा. प्रकाशकाने कॉपीची मर्यादा घातलेली असते. खूपच अधोरेखन केलं असेल, तर एका टप्प्यानंतर मजकुराऐवजी मर्यादा संपल्याची सूचना दिसते. प्रबंधासाठी किंडल वापरणाऱ्यांनी हे शेवटच्या महिन्यात शोधून काढू नये.

‘सेंड टू किंडल’ने स्वतः पाठवलेली कागदपत्रं विसरू नका. तीही त्याच खात्यात राहतात आणि खात्याबरोबरच जातात.

पायरी ६: लॉगिन वाचवा

दुकान कुणीच सोडलेलं नसतं, तरी पुस्तकं हातची जातात, आणि त्याचं कारण अगदी क्षुल्लक असतं. खातं ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या ईमेलवर काढलेलं असतं. नोकरी सुटली, ईमेल बंद झाला, पासवर्ड आठवत नाही, तो बदलण्याची लिंक बंद पडलेल्या ईमेलवर जाते. आज पाच मिनिटं काढून खात्याला स्वतःचा ईमेल जोडा.

दुसरं कारण मोबाइल नंबर. पुण्या-नाशिकहून जर्मनीला किंवा कॅनडाला गेलेल्यांचं भारतातलं प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं. मग ओटीपी येत नाही, आणि ओटीपी नाही तर खातं नाही. निघण्याआधी दुसरा नंबर किंवा ऑथेंटिकेटर अ‍ॅप (सिमशिवाय लॉगिनचा कोड देणारं) जोडून घ्या.

परदेशी गेल्यावर किंडलसाठी नवं खातं काढू नका. जुन्याच खात्यात ‘प्रेफरन्सेस’मध्ये देश बदलण्याची सोय आहे. विकत घेतलेली पुस्तकं राहतात, वर्गणी मात्र नव्या देशात नव्याने घ्यावी लागू शकते. गूगल प्लेचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, आणि बदलल्यावर काही पुस्तकं, सिनेमे दिसेनासे होऊ शकतात असं गूगल स्वतःच बजावतं. म्हणून तिथे आधी एक्सपोर्ट, मग देश.

दुकानच बंद होत असेल तर

असं घडतं, आणि मोठ्या नावांच्या बाबतीतही घडतं. फ्लिपकार्टने ई-पुस्तकं विकणं २०१५ च्या अखेरीस थांबवलं आणि गिऱ्हाइकांना कोबोकडे सोपवलं. सोनीने उत्तर अमेरिकेतलं रीडर स्टोअर मार्च २०१४ मध्ये बंद केलं, तेही कोबोकडेच. ब्रिटनमध्ये नूक या ई-पुस्तकांच्या दुकानाची गंमत अशी झाली की मार्च २०१६ मध्ये तिथल्या वाचकांची पुस्तकं सेन्सबरीज या सुपरमार्केटच्या डिजिटल दुकानात हलवली, आणि त्याच वर्षी सेन्सबरीजनेही तो धंदा सोडला, मग पुन्हा कोबो. वाचकांनी एका वर्षात दोनदा बिऱ्हाड हलवलं. अशा हलवाहलवीत सगळी पुस्तकं पोहोचतात असं नाही. नव्या दुकानाकडे ज्या पुस्तकाचे हक्क नाहीत, ते मागेच राहतं.

मायक्रोसॉफ्टची तऱ्हा आणखी वेगळी. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी ई-पुस्तकांचं दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुलैपासून विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली, फुकट मिळालेलीसुद्धा. कुलूप उघडून देणारा सर्व्हरच गेला, तर फाइल संगणकात असून उपयोग नाही. पैसे पूर्ण परत दिले, आणि ज्यांनी टिपणं काढली होती त्यांना वर २५ डॉलर. व्यवहार म्हणून सचोटीचा, पण वाचक रिकाम्या हाताचा.

याच्या उलट उदाहरण ओरायलीचं. संगणकाची पुस्तकं काढणाऱ्या या प्रकाशकाने जून २०१७ मध्ये सुट्या ई-पुस्तकांची विक्री थांबवली. पण त्यांची पुस्तकं पहिल्यापासून बिनकुलपाची होती. ज्यांनी फाइली उतरवून ठेवल्या होत्या, त्यांच्या आयुष्यात काहीच बदललं नाही.

दुकान बंद होत असल्याचा ईमेल आला तर क्रम असा ठेवा. आधी शेवटची तारीख बघा आणि कॅलेंडरमध्ये तिच्या आठ दिवस अलीकडे खूण करा, कारण शेवटच्या दिवशी सगळेच येतात आणि सर्व्हर लोळतो. मग जे उतरवता येईल ते उतरवा. मग टिपणं. त्यानंतरच नव्या दुकानाकडे हलवण्याची लिंक दाबा, आणि तीसुद्धा ईमेलमधून नको, दुकानाच्या वेबसाइटवर स्वतः जाऊन दाबा. अशा वेळी खोट्या लिंका फिरतात. हलवून झालं की दुसऱ्या पायरीतली यादी काढून नव्या दुकानाशी पुस्तकागणिक ताडून बघा. जे पोहोचलं नाही त्याचा परतावा मुदतीच्या आत, पावती जोडून मागा. बऱ्याचदा परतावा जुन्या कार्डावर किंवा दुकानाच्या शिलकीत येतो, म्हणून बंद झालेलं कार्ड खात्यात तसंच ठेवू नका.

कुलूप तोडावं का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून टाळत नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘हेतूने’ या शब्दावर वकील वाद घालतात. अमेरिकेचा १९९८ चा कायदा हेतूबद्दल इतका उदार नाही, आणि तिथे राहणाऱ्यांना तोच लागू. शिवाय दुकानाच्या अटी मोडल्या म्हणून खातं गोठवलं गेलं, तर दहा पुस्तकं सोडवताना शंभर जायची. तोडण्याच्या कृती इथे देत नाही. माझा पैसा मी पहिल्यापासून बिनकुलपाच्या पुस्तकावर लावणं पसंत करतो.

खातं बंद करायचंच असेल तर

नव्व्याण्णव टक्के लोकांना त्याची गरज नसते. वर्गणी थांबवा, कार्ड काढून टाका, यूपीआयचं ऑटोपे रद्द करा, जाहिरातींचे ईमेल बंद करा. खातं रिकामं पडून राहू दे, त्याला भाडं नाही. वर्षातून एकदा लॉगिन करून बघितलं की झालं.

तरीही बंद करायचं असेल, तर ध्यानात घ्या की अ‍ॅमेझॉनचं खातं एकच असतं. किंडलची पुस्तकं, ऑडिबल, प्राइम व्हिडिओ, गिफ्ट कार्डची शिल्लक, सगळं त्याच्याबरोबर जातं. जुनं किंडल विकताना किंवा भाचीला देताना मात्र खातं बंद करावं लागत नाही. सेटिंगमधून ‘डीरजिस्टर’ केलं की त्या यंत्रातली पुस्तकं जातात, खात्यातली राहतात. दोन्ही गोष्टींची गल्लत करून कुणी अख्खं खातं मिटवू नये.

कधी दुकानच खातं गोठवतं. २०१२ मध्ये नॉर्वेतल्या एका बाईंचं किंडल असंच पुसलं गेलं होतं, कारणही नीट सांगितलं नाही. बातम्या झाल्यावर खातं परत मिळालं. अशी वेळ आली तर चॅटवर भांडत बसण्यापेक्षा ईमेलवर, ऑर्डर क्रमांक देऊन लिहा. भारतात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवता येते.

पुढची खरेदी

माझा क्रम साधा आहे. एकदा वाचून सोडून द्यायची कादंबरी असेल तर वर्गणीत किंवा किंडलवर, कुलूप असलं तरी चालतं. संदर्भाला पुन्हा पुन्हा लागणारं पुस्तक असेल तर बिनकुलपाची फाइल मिळते का ते आधी शोधतो, नाहीतर छापील घेतो. मुलांना पुढे द्यावंसं वाटेल असं पुस्तक छापीलच.

आणि जे मुळात मुक्त आहे ते विकत घेऊ नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, ती मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांचं आहे. तरी त्यांची कुलूपबंद ई-पुस्तकं लोक पैसे देऊन घेतात. मराठी विकिस्रोत, ई साहित्य प्रतिष्ठान आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची वेबसाइट, या तीन ठिकाणी आधी शोधा. तिथून मिळणारी फाइल थेट उतरते, लॉगिनची भानगड नाही.

उतरवलेल्या फाइलींच्या दोन प्रती ठेवा, एक घरातल्या हार्ड डिस्कवर आणि एक ड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागेत. नाव देताना लेखक, मग पुस्तक, मग दुकान असा क्रम ठेवलात तर शोधायला सोपं जातं. नुसत्या मजकुराचं पुस्तक फार तर काही एमबीचं असतं, त्यामुळे आठ जीबीच्या जुन्या पेन ड्राइव्हमध्ये अख्खं कपाट मावतं. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं खणात पडून राहिला तर दगा देतो, म्हणून तो तिसरी प्रत म्हणून ठेवा, एकमेव प्रत म्हणून नको.